फुकट कोड मागणाऱ्या मेलला उत्तर देण्याआधी

गेम, अ‍ॅप, फॉन्ट, व्हिडिओ एडिटिंगचे प्रीसेट, ऑडिओबुक. यांपैकी काहीही स्वतः बनवून नेटवर विकायला ठेवलं, की पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी पहिला फुकट मागणारा येतो. टिळकवाडीत माडीवरच्या खोलीत बसून गेम करणारा असो, निपाणीत लग्नाच्या व्हिडिओंसाठी प्रीसेट विकणारी असो, की खानापूर तालुक्यात मुलांसाठी कन्नड-मराठी शब्दांचं अ‍ॅप काढणारे गुरुजी असोत, फुकट कोड मागणारा मेल सगळ्यांना येतो. कोड म्हणजे पैसे न मोजता ती वस्तू मिळवून देणारी अक्षर-आकड्यांची किल्ली. त्यातले काही मागणारे खरे असतात, म्हणून तर हा लेख लिहायचा. सगळेच खोटे असते तर "डिलीट करा" एवढं सांगून भागलं असतं.

आपल्याकडे अडचण अशी की विचारायला जवळ माणूस नसतो. बेंगळुरू-पुण्यात चार गेमवाले एका टेबलावर बसतात आणि "हा मेल तुलाही आला का?" असं विचारून मोकळे होतात. बेळगावात, चिक्कोडीत, संकेश्वरात हे काम करणारा बहुतेक एकटाच. त्यात मेल इंग्रजीत, कौतुकाने भरलेला, समोरच्याचे फॉलोअर हजारांत. हात आपोआप कोडच्या यादीकडे जातो.

आधी मेल नीट वाचा

नेहमीचा नमुना मराठीत सांगायचा तर साधारण असा:

"नमस्कार डेव्हलपर, तुमचा गेम पाहिला, फारच सुंदर आहे. आमचं क्युरेटर पेज आहे, ४० हजारांवर फॉलोअर आहेत. आम्हाला परीक्षण लिहायचं आहे. कृपया ४-५ कोड पाठवा. एक माझ्यासाठी, एक सहकाऱ्यासाठी, बाकीचे फॉलोअर्सना भेट म्हणून देऊ. यादी या आठवड्यात बंद होणार आहे, लवकर कळवा."

(क्युरेटर म्हणजे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या शिफारशींचं पान चालवणारा.) यात तुमच्या गेमबद्दल काय आहे? काहीच नाही. तुमच्या गेमचं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी मेल जसाच्या तसा चालतो. खऱ्या परीक्षकाने निदान ट्रेलर पाहिलेला असतो. तो एखादं पात्र, एखादी जागा, काहीतरी नेमकं बोलतो, नाहीतर सरळ दोन ओळींत "मी असे असे गेम खेळतो, हा माझा चॅनेल, एक कोड मिळेल का?" म्हणतो. घाईसुद्धा बघा. तुमचा गेम बाजारात येऊन सहा महिने झालेत आणि याची यादी शुक्रवारी बंद होतेय, हे कसं?

पण सगळ्यात बोलका असतो तो आकडा. परीक्षण लिहायला एक माणूस आणि एक कोड लागतो. "सहकाऱ्यासाठी", "फॉलोअर्सना भेट" ही पुस्ती जोडली, की तिथेच थांबायचं. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने मेल लिहून घेतात, त्यामुळे तुमच्या गेमच्या पानावरचं वर्णन उचलून दोन वाक्यं नेमकीही घालतात. तेव्हा "इंग्रजी किती मोडकं आहे" ही जुनी परीक्षा आता उपयोगाची नाही. आकडा मात्र त्यांना लपवता येत नाही, कारण धंदाच आकड्यावर आहे.

या कोडचं ते करतात काय?

विकतात. स्टीमवरच्या गेमचे कोड डेव्हलपरला फुकट काढता येतात, आणि तेच कोड जीटूए, किंग्विन यांसारख्या ऑनलाइन बाजारांत विकायला जातात. समजा तुमचा गेम ४०० रुपयांना आहे. स्टीम आपला ३० टक्के वाटा कापून घेतं, म्हणजे कर वगैरे बाजूला ठेवले तर तुमच्या पदरात २८० पडायचे. तोच कोड तिकडे कुणीतरी दीडशेला विकला तर विकणाऱ्याला दीडशे मिळाले, घेणाऱ्याला गेम मिळाला, आणि तुम्हाला शून्य. शिवाय जे गिऱ्हाईक पैसे मोजून घेणार होतं, तेही गेलं.

हा बाजार किती मोठा, यावर जाहीर भांडणं झालीत. २०१६ साली टायनीबिल्ड या प्रकाशकाने जीटूएवर आरोप केले आणि जीटूएने ते फेटाळले. पुढे 'फॅक्टोरिओ' बनवणाऱ्या वूब या झेक कंपनीच्या तक्रारीवर २०२० मध्ये निकाल लागला. वूबने दिलेल्या ३२१ संशयित कोडांपैकी १९८ कोड आपल्या बाजारात विकले गेले होते, हे जीटूएने मान्य केलं आणि ३९,६०० डॉलर भरले. ते कोड फुकट मागून नेलेले नव्हते, चोरीच्या कार्डांवर विकत घेतलेले होते. खरा कार्डधारक तक्रार करतो, बँक पैसे परत ओढते, वर दंड लावते, कोड मात्र गेलेला असतो. स्वतःच्या वेबसाइटवरून थेट कोड विकायचा विचार असेल तर हे डोक्यात असू द्या. सुरुवातीला तरी तो उद्योग करू नये, असं माझं मत.

पायरी पहिली: पत्ता अक्षर-अक्षर वाचा

मेलवर दिसणारं नाव कुणालाही काहीही ठेवता येतं, म्हणून नावाकडे बघायचंच नाही. खालचा पत्ता उघडा. रोमन लिपीत 'आर' आणि 'एन' शेजारी आले की लहान अक्षरांत 'एम' दिसतो, आणि मोबाइलच्या पडद्यावर तर हमखास दिसतो. शून्याच्या जागी 'ओ', लहान 'एल'च्या जागी मोठा 'आय', नावाच्या शेवटी जोडलेलं 'बिझनेस' किंवा 'ऑफिशियल', हे नेहमीचे डाव. पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, फॉन्ट बदला, मोठा करा. फरक लगेच उठून दिसतो.

कधीकधी पाठवणाऱ्याचा पत्ता बरोबर असतो, पण 'रिप्लाय' दाबलं की वर वेगळाच पत्ता उमटतो. उत्तर लिहिण्याआधी तेवढी ओळ बघायची सवय लावा. जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत मूळ मेल दाखवण्याचा पर्याय असतो. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल कुठून आला ते तपासणाऱ्या चाचण्यांपुढे 'पास' लिहिलेलं दिसतं. पण त्यावर विसंबू नका. 'पास'चा अर्थ एवढाच की मेल खरंच त्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या @ च्या पुढच्या नावावरून आला. जीमेलचं खातं तर ठगालाही पाच मिनिटांत मिळतं, आणि त्याचा मेलही व्यवस्थित 'पास' होतो.

पायरी दुसरी: त्याने दिलेल्या रस्त्याने जाऊ नका

एवढी एक गोष्ट पाळली तर बाकीचं पुष्कळसं आपोआप सुटतं. मेलमध्ये चॅनेलची लिंक असते, ती बहुधा खऱ्या चॅनेलचीच असते. नेमका इथेच माणूस फसतो. चॅनेल खरा, लाखभर सबस्क्रायबर खरे, पण मेल लिहिणारा त्या चॅनेलचा कुणीच नाही.

म्हणून लिंक न दाबता यूट्यूब स्वतः उघडा आणि नाव टाकून चॅनेल शोधा. चॅनेलच्या माहितीत व्यवसायासाठीचा ईमेल पत्ता दाखवणारं बटण असतं. ते संगणकावरून, लॉगिन करून दाबावं लागतं. मिळालेला पत्ता आणि मेलचा पत्ता अक्षरशः एक असेल तर ठीक. नसेल तर आपण होऊन त्या खऱ्या पत्त्यावर दोन ओळी लिहा: "आपल्या नावाने कोड मागणारा मेल आला आहे. तो आपणच पाठवला आहे का?" पत्ताच नसेल तर चॅनेलवर जोडलेल्या इन्स्टाग्राम खात्यावर विचारा. उत्तर आलं नाही, तर कोड नाही. मोठ्या चॅनेलवाल्यांकडून बहुतेक वेळा उत्तर येतच नाही, त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

चॅनेल त्याचाच निघाला तरी व्हिडिओंवर नजर टाका. ८० हजार सबस्क्रायबर आणि शेवटच्या दहा व्हिडिओंना दीड-दोनशे व्ह्यूज, कॉमेंटमध्ये नुसते बदाम, हे गणित जुळत नाही. याउलट नऊशे सबस्क्रायबरचा एखादा पोरगा दर आठवड्याला मन लावून लहान गेम खेळून दाखवत असेल, तर त्याला कोड जरूर द्या. माझा कल नेहमी अशांकडेच असतो.

"मी अमुक दैनिकाच्या पुरवणीतून बोलतोय" असा फोन किंवा मेल आला, तर आपल्याला सोपं आहे. छापील अंक घ्या. मुद्रक-प्रकाशक-संपादकांची ओळ अंकात असतेच, तिच्या आसपास कार्यालयाचा नंबर मिळतो. त्यावर फोन करून विचारा. बेळगावात असाल तर सरळ गाडी काढून कार्यालयातच जा की! खरा वार्ताहर असेल तर ओळख होईल, चहा होईल.

पायरी तिसरी: द्यायचाच तर कसा द्यायचा

स्टीमवर क्युरेटरना देण्यासाठी 'क्युरेटर कनेक्ट' नावाची सोय २०१७ पासून आहे. तिच्यातून कोड जातच नाही. गेम थेट क्युरेटरच्या खात्यात जमा होतो, त्यामुळे विकायला हातात काही उरत नाही. तेव्हा क्युरेटर म्हणवणाऱ्याला एकच उत्तर: "आपलं पेज कळवा, क्युरेटर कनेक्टमधून पाठवतो." खरा असेल तर "चालेल" म्हणतो. ठग मात्र कारणं सांगू लागतो. ती सोय आमच्याकडे चालत नाही म्हणतो, आमच्या टीमला कोडच लागतात म्हणतो. तिथेच संभाषण संपवा.

यूट्यूबर आणि स्ट्रीमरसाठी कीमेलरसारख्या सेवा आहेत. मागणाऱ्याने तिथे आपला चॅनेल जोडलेला असतो, त्यामुळे चॅनेल त्याचाच आहे हे तपासायचं काम वाचतं.

अ‍ॅपवाल्यांना मर्यादा आधीच घातलेली असते. गुगल प्लेवर एका अ‍ॅपला तिमाहीला ५०० प्रोमो कोड मिळतात आणि उरलेले पुढच्या तिमाहीत जात नाहीत. अ‍ॅपलकडे अ‍ॅपच्या प्रत्येक आवृत्तीमागे १०० कोड, तेही २८ दिवसांत संपणारे. "नाहीतरी वायाच जाणार" म्हणून उरलेले कोड वाटून टाकायचा मोह होतो. वाया जाऊ द्या.

फॉन्ट, प्रीसेट, ई-बुक विकणाऱ्यांनी पूर्ण सवलतीचा कूपन कोड काढताना 'किती वेळा वापरता येईल' या रकान्यात १ लिहायचं, मुदतही घालायची. रकाना रिकामा सोडलेला कूपन कोड कुठल्या तरी फुकट-कूपनच्या टेलिग्राम ग्रुपवर जातो, आणि सकाळी उठून बघावं तर शेकडो 'विक्री' झालेली, रक्कम शून्य.

संशय असेल पण तोडून बोलायचं नसेल, तर डेमोची लिंक पाठवा. मिठाईवाला चवीला बोटभर कुंदा देतो, अर्ध्या किलोचा डबा उघडून देत नाही. डेमो नसेल तर बनवा, त्याचा उपयोग इतरही ठिकाणी होतो.

आणि एक वही ठेवा. एक्सेल म्हणा, गुगल शीट म्हणा, साधी दोनशे पानी म्हणा. कोड, तारीख, कुणाला, कुठल्या पत्त्यावर, पुढे काय झालं. स्टीमवर कोडची मागणी करताना प्रत्येक गठ्ठ्याला नाव देता येतं, म्हणून "पत्रकार", "यूट्यूब", "मित्र" असे छोटे छोटे गठ्ठे वेगळे काढा. एका माणसाला एकच कोड. उद्या एखादा कोड भलतीकडे सापडला, तर तो कुणाच्या हातून गेला हे वहीत दिसतं. वही नसेल तर नुसता संशय घेत बसायचं, तोही बहुधा चुकीच्या माणसावर.

"चांगले रिव्ह्यू मिळवून देतो" म्हणणारे

हा प्रकार नव्या माणसाला फार भुरळ घालतो, कारण सुरुवातीला पान ओसाड असतं. "वीस कोड द्या, वीस चांगले रिव्ह्यू आणतो." सप्टेंबर २०१६ पासून स्टीमने नियम केलाय की बाहेरून आणलेला कोड टाकून घेतलेल्या प्रतीवरचा रिव्ह्यू पानावर दिसतो, पण गुणांकनात धरला जात नाही. म्हणजे त्या वीस रिव्ह्यूंनी तुमचा आकडा तसूभरही हलत नाही. वर, मोबदला देऊन रिव्ह्यू लिहवून घेणं नियमाबाहेरचं आहे, सापडलात तर गेमच अडचणीत.

उलटी धमकीही येते. कोड दिला नाही तर क्युरेटर पेजवर "शिफारस नाही" असं लिहितात. 'ब्रॉक द इन्व्हेस्टिगेटर' या गेमच्या फ्रेंच डेव्हलपरने २०२२ मध्ये अशा संशयित क्युरेटरना पूर्ण गेमऐवजी फुकटात उपलब्ध असलेल्या प्रस्तावना-भागाचे कोड पाठवले. त्यांतल्या काहींनी लगेच प्रतिकूल शेरे मारले, आणि त्यांचं पितळ उघडं पडलं. वाचायला मजा येते, पण नव्याने या भानगडीत पडू नये. क्युरेटरचा शेरा खरेदीदारांच्या गुणांकनात मोजला जात नाही. स्टीमकडे तक्रार टाका आणि कामाला लागा.

बंडलवाले आणि करारनामेवाले

पाच कोड मागणारा भुरटा. बंडलवाला, म्हणजे अनेक गेम एकत्र बांधून स्वस्तात विकणारा, हजारात बोलतो: "आमच्या बंडलमध्ये तुमचा गेम घेतो, ३,००० कोड पाठवा, विक्रीचा वाटा महिन्याअखेर देऊ." वेबसाइट चकचकीत असते. आधीच्या बंडलमध्ये ज्यांचे गेम होते त्यांना शोधून, त्यांच्याच पत्त्यावर लिहून विचारा की पैसे मिळाले का. लेखी करार आणि आगाऊ रक्कम नसेल तर एकही कोड देऊ नका.

करारनामेवाला याहून वाईट, कारण त्याला कोड नकोच असतात. "प्रायोजकत्वाचा करार जोडला आहे" म्हणून पासवर्ड घातलेली झिप फाइल येते. पासवर्ड अशासाठी, की अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये. आतली फाइल पीडीएफसारखी दिसते, पण नावाच्या शेवटी डॉट एससीआर किंवा डॉट ईएक्सई असतं. विंडोजमध्ये फाइलनावाचं हे शेपूट मुळात लपवलेलं असतं, ते दिसेल असं सेटिंग आजच करून घ्या. अशी फाइल उघडली की ब्राउझरमध्ये साठलेली लॉगिनची माहिती उचलली जाते, आणि मोबाइलवर ओटीपी न येताही तुमचं खातं तिकडे उघडतं. उघडली गेलीच, तर त्या संगणकाचं नेट तोडा. दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करा. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका.

ओळखीतले

हे ठग नव्हेत, पण सल्ला यांच्याबद्दलच जास्त मागितला जातो. "काय रे, गल्लीतल्या पोरांनापण विकतच देणार होय?" असं शेजारच्या काकांनी विचारलं की जीभ अडखळते. मी म्हणेन, द्या. घरच्यांना, दोस्तांना किती द्यायचे ते आधीच ठरवून ठेवा, वहीत "मित्र" गठ्ठ्यात लिहा, आणि कोड हातात देण्याऐवजी त्यांच्या फोनवर स्वतः टाकून द्या. नाहीतर काका तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवतात. कोड एकदाच चालतो, पहिल्याने वापरला की बाकीचे वीस जण "चालत नाही" म्हणून तुम्हालाच फोन करतात.

कॉलेजचे टेकफेस्ट, गणेशोत्सव मंडळांच्या स्पर्धा इथूनही "बक्षीस म्हणून ५० कोड द्या" अशी मागणी येते. मागणी बहुतेक खरी असते, आकडा मात्र कुणीतरी सहज फेकलेला असतो. कॉलेजच्या प्राध्यापकांचं किंवा मंडळाच्या अध्यक्षांचं पत्र मागा. पहिल्या तीन विजेत्यांना तीन कोड, बाकीच्यांना सवलत. तेही बक्षीस समारंभ झाल्यावर, विजेत्यांच्या नावावर.

कोड गेलेच तर

स्टीमच्या डेव्हलपर पानावर कोड टाकून तो वापरला गेला आहे का, हे बघता येतं. न वापरलेले लगेच रद्द करा. वापरलेलेही रद्द करता येतात, पण तिथे सबुरीने घ्या. बऱ्याचदा तो कोड एखाद्या तिसऱ्याच माणसाने पैसे देऊन घेतलेला असतो, गेम गायब झाला की तो तुमच्यावरच भडकतो. चारपाच कोडांसाठी मी तरी ही डोकेदुखी घेणार नाही, शे-दोनशे असतील तर घेईन.

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. खातं चोरीला गेलं किंवा मोठा गठ्ठा उकळला, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि सीईएन ठाण्यात जा. सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी कर्नाटकात ही वेगळी ठाणी आहेत, बेळगावातही आहे. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१९ आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा फोनवरून गळ टाकली गेली असेल तर संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्येही कळवता येतं.

सीमाभागात हद्दीचा प्रश्न येतोच. राहायला चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, आणि काम बेळगावात, असे कितीतरी जण आहेत. कुणी "हे आमच्या हद्दीत येत नाही" म्हणालं तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. भाषेचं म्हणाल, तर गाऱ्हाणं मांडणारं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिला आहे, मराठीतही. तरी सोबत इंग्रजी किंवा कन्नड प्रत जोडा. तुमचा कागद पुढे सायबर तपास करणाऱ्याच्या टेबलावर जाणार आहे, तिथे स्टीम, कोड, क्युरेटर हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. अर्धं पान पुरतं: काय विकता, कोड म्हणजे काय, एका कोडची किंमत किती, किती गेले.

पुरावा म्हणून स्क्रीनशॉट घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. स्क्रीनशॉटमध्ये मेल कुठल्या सर्व्हरमधून फिरून आला ते दिसत नाही. मूळ मेल डॉट ईएमएल फाइल म्हणून उतरवून घ्या, पेन ड्राइव्हवर टाका आणि तक्रारीचं काम संपेपर्यंत इनबॉक्समधला मेलही डिलीट करू नका.